ओढून आणलेला गोल

माझ्याशी पहिल्यांदा फोनवर बोलणाऱ्याला वाटतं, ही बाई भांडायलाच उठली आहे. तसं काही नसतं. सगळी हयात पत्र्याच्या ठणठणाटात गेली, कान कामातून गेले, आणि कान गेलेला माणूस जगालाच बहिरं समजून बोलतो. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत माझी पत्रा वाकवायची शेड आहे. नवीन गिऱ्हाईक आधी दचकतं, मग हसतं आणि शेवटी तेही माझ्याशी ओरडूनच बोलायला लागतं. शेजारच्या शेडवाल्यांना आमचे सगळे व्यवहार पाठ आहेत.

या अंकासाठी लिहा म्हणून ज्या ताई आल्या होत्या, त्यांनी विचारलं, "बाई असून या धंद्यात कशा काय?" या प्रश्नाचा मला मनापासून कंटाळा आहे. लग्न झालं, नवऱ्याची शेड होती, मशीनवर माणूस कमी पडला, मी उभी राहिले, संपलं. त्यापेक्षा त्यांनी पत्र्याबद्दल विचारलं असतं तर मी त्यांना जेवायला वाढून सांगितलं असतं. तेव्हा न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे देते.

घरातली स्टीलची फूटपट्टी घ्या. थोडी वाकवून सोडली तर ती सरळ होते. जोर लावून वाकवली तर वाकडी राहते आणि मुलं आरडाओरडा करतात. पण नीट बघितलंत तर दिसेल, की जितकी वाकवली होती तितकी ती राहिलेली नाही. हात काढल्याबरोबर थोडी मागे आलीच. पुस्तकात याला स्प्रिंगबॅक म्हणतात. आमच्या शेडमध्ये नुसतं "पत्रा उघडला" म्हणतात. आणि आमचा सगळा धंदा एवढ्या एका गोष्टीवर चालतो, की सोडल्यावर पत्रा किती उघडेल हे सोडायच्या आधी सांगता आलं पाहिजे.

आमचं मशीन म्हणजे तीन जाडजूड लोखंडी लाटणी. दोन खाली, एक वर. मधून पत्रा घालायचा, वरचं लाटणं थोडं थोडं खाली दाबत न्यायचं आणि पत्रा पुढेमागे फिरवायचा. तो हळूहळू वळत जातो. लोकांना वाटतं, पाहिजे तेवढा गोल झाला की थांबायचं. तिथेच फसायला होतं. पाहिजे त्यापेक्षा जास्त वळवायचा असतो, इतका की बघणाऱ्याला वाटावं हिनं वाटोळं केलं. मग सोडला की तो मागे येऊन बरोबर जागेवर बसतो. जास्त म्हणजे किती जास्त, हे कुणी विचारलं तर मी म्हणते, पत्र्याला विचारा. स्टेनलेस साध्या लोखंडापेक्षा जास्त उघडतं. मोठा गोल लहान गोलापेक्षा जास्त उघडतो. आणि पातळ पत्रा गरीब दिसतो म्हणून फसू नका, मोठ्या गोलाला तोच सगळ्यात जास्त छळतो.

मला हे पहिल्याच आठवड्यात समजलं, याचं सगळ्यांना नवल वाटलं होतं. मला नाही वाटलं. माझं माहेर सोलापूरच्याच पूर्व भागातलं, विणकरांचं, घरात तेलुगू. वडील, आमचे नाना, चादरी विणायचे. मागावर चादर ताणलेली असते तेव्हा ती रुंद दिसते. मागावरून उतरली की आखडते. म्हणून नाना ती मुळातच जास्त रुंद धरायचे. गिऱ्हाइकाला उतरलेली चादर पाहिजे असते, मागावरची नाही. मशीनमध्ये वळलेला पत्रा पहिल्यांदा सुटून उघडताना बघितला तेव्हा मला नानांची चादरच दिसली. ही आखडते, तो उघडतो, एवढाच काय तो फरक.

श्रीपूरकडचे एक ट्रॅक्टरवाले होते. उसाचा हंगाम, ट्रॉली भरलेली, आणि मागच्या चाकावरचा मडगार्ड तुटून रस्त्यात पडलेला. ऊस तसाच कडेला लावून, तुटका मडगार्ड घेऊन ते जीपनं माझ्याकडे आले. घाई इतकी, की बसायला दिलेली खुर्चीही त्यांनी उभ्यानंच धरली. मी पत्रा फिरवत होते, ते मशीनला नाक लावून बघत होते. पत्रा त्यांच्या जुन्या मडगार्डाएवढा वळला आणि ते ओरडले, "बास करा की वो! झालं की! लई वाकवायलाव!"

मी म्हटलं, "अजून व्हायचंय."

"मला दिसंना व्हय? काडा भाईर!"

मलाही तेव्हा राग लवकर यायचा. आताही येतो. मी मशीन थांबवलं, वरचं लाटणं उचललं आणि पत्रा त्यांच्या हातात दिला. तो सुपासारखा पसरला. ते कधी पत्र्याकडे, कधी मशीनकडे बघायला लागले. "ह्यो माजाच काय?"

"तुमचाच. आत होता तोवर माझा होता."

मग मुकाट्यानं खुर्चीवर बसले. पत्रा पुन्हा आत घातला, चांगला घट्ट वळवला, आणि सोडल्यावर तो त्यांच्या जुन्या मडगार्डावर टोपीसारखा बसला. तेव्हापासून दर हंगामात ते उसाची मोळी पाठवतात आणि सोबत निरोप असतो, की बाईंना म्हणावं, बास करू नका.

पण ज्या गिऱ्हाइकानं मला खरा धंदा शिकवला ते म्हणजे वळसंगकडचे बिरूआबा. मेंढ्यावाले, डोक्याला मोठा पटका, बोलणं कमी. त्यांनी मेंढ्यांना पाणी पाजायला पत्र्याची लांब अर्धगोल डोण कुठूनशी करून आणली होती, आणि ती टेम्पोत घालून थेट आमच्याकडे आणली. डोण दिसायला झकास होती. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, तेव्हा होते. त्यांनी विचारलं, "आबा, हिला काय झालंय?"

"वरडतीया," आबा म्हणाले.

"कोण ओरडतंय?"

"डोण की. मेंढरू त्वांड घालतंय, कडंला अंग घासतंय, की ही टण्णकन वरडतीया. मग सगळा कळप पळतोय. पाणी हाय, पण मेंढरं तान्हेली."

मी हसले. आमचे मालक हसले नाहीत. त्यांनी डोणीवर बोटाच्या पेरानं ठकठक केलं, कान लावला, आणि पुन्हा ठकठक केलं. त्यांना पत्र्याचा आवाज कळायचा. मग त्यांनी कडेच्या पाखीचं, म्हणजे डोणीचं तोंड बंद करणाऱ्या उभ्या पत्र्याचं, जोडकाम छिन्नीनं तोडलं. तोडता तोडता डोण अशी काही उसळली, की आबा मागे सरले. दोन्ही कडा बाहेर फाकल्या आणि डोणीची पसरट परात झाली. करणाऱ्यानं पत्रा पुरता वळवलाच नव्हता. अर्धवट वळवून, दोन्ही बाजूंनी ओढून, पाख्यांना जोडून टाकला होता. वरून गोल, आतून ताण. कुणी जरा ढकललं की तो ताण आवाज करायचा.

त्या दिवशी आमचे मालक मला म्हणाले, "पत्रा वळवून गोल करायचा. ओढून नाही. ओढून आणलेला गोल आज ना उद्या कुणाच्या तरी अंगावर उघडतो." त्यानंतर आमच्या शेडमध्ये ओढायची साखळी जड सामान उचलायला तेवढी वापरायची, असा नियम झाला. मालक गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नियम राहिला. एक गोष्ट मात्र त्यांच्याबरोबर गेली, ती म्हणजे पत्र्याचा आवाज ऐकायची विद्या. मला ती कधी नीट आलीच नाही. यायच्या आधी कान गेले. त्याची हळहळ वाटते. मी तळहात ठेवून बघते. जमतं तेही, पण ऐकणं ते ऐकणं.

आता महानंदाची गोष्ट सांगते, कारण त्या नियमाची परीक्षा तिच्या कामात झाली.

महानंदा कुंभारीची. शेंगदाण्याची चटणी करणाऱ्या एका कारखान्यात तिनं उमेदीची वर्षं काढली, मोठ्या कढईपुढे उभं राहून दाणे भाजत. हातावर कोपरापर्यंत डाग. शेवटी तिनं मनावर घेतलं आणि बरोबरच्या काही बायकांना घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. भाजायला एक जुना ढोल आणला. ढोल म्हणजे पत्र्याचं आडवं पिंप. खाली गॅसची शेगडी, पोटाला दार, दारातून दाणे आत घालायचे आणि ढोल फिरवत ठेवायचा. या जुन्या ढोलानं पहिल्या मोठ्या भट्टीतले दाणेच जाळले. जळका दाणा एक जरी कुटला गेला तरी चटणी कडू होते. सगळा माल टाकावा लागला, आणि दोन बायका मान खाली घालून जुन्या मालकाकडे परत गेल्या.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिला वाटत होतं, शेगडी वाईट आहे. मी तिच्याबरोबर कुंभारीला गेले. ढोल रिकामा फिरवायला लावला आणि त्याच्या पोटाजवळ खडू धरून उभी राहिले. गोल असता तर सगळीकडे सारखी रेघ उठली असती. इथे रेघ एका बाजूला ठळक, एका बाजूला गायब. ढोल अंड्यासारखा होता. फिरताना त्याचं एक अंग जाळाला टेकायला जायचं.

"तुझी शेगडी चांगली आहे," मी म्हटलं. "ढोल लबाड आहे."

तिनं हात लावून ढोल थांबवला. मग म्हणाली, "अक्का, दिवाळीच्या आदी पुण्याच्या दुकानाला नमुना द्याचाय. त्येनी हो म्हनलं तर आमचं चाललं. पन आता परत जळालं, तर ह्या उरलेल्याबी जात्याल. मी त्यास्नी शब्द दिऊन आनलंय वो. म्या कुटल्या तोंडानं थांबवू त्यास्नी?"

बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, ऐकत होत्या. एकीनंही मान वर केली नाही. मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते: मला तिच्यासाठी भीती वाटली नाही, कीव आली नाही, मला हुरूप आला. गोल ढोल करायचा म्हणजे माझं काम. ते मला येतं. मी म्हटलं, "नवा करून देते. स्टेनलेसचा. बायकांना सांग, कुठे जायचं नाही."

पत्रा आला. माझी पद्धत ठरलेली आहे. त्याच पत्र्याच्या कडेची पट्टी कापायची, त्याच दिशेनं, ती आधी मशीनमधून काढायची आणि किती उघडते ते बघायचं. दुसऱ्या पत्र्याची पट्टी चालत नाही, मग तो एकाच दुकानातून, एकाच गाडीतून आलेला का असेना. दिसायला जुळे असतात, पण एक मवाळ निघतो, एक कडक. पट्टी काढली, बघितली, फर्मा, म्हणजे हव्या त्या गोलाईचा नमुना, लावला, मनाशी ठरवलं किती दाबायचं. मशीनवर खुणा करून ठेवल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मुलगी मला ओढून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

शेडमध्ये राहिले अन्वरभाई. आमचे वेल्डर, मालकांच्या वेळेपासूनचे. त्यांनी मारलेली वेल्डिंगची शिलाई इतकी सफाईदार असते, की बोट फिरवलं तरी लागत नाही. मशीनवरही त्यांचा हात आहे. मी सांगून गेले होते, की खुणेपर्यंत दाबा, पत्रा बाहेर काढा आणि मी येईपर्यंत शिवू नका.

मी दुपारी परत आले, पर्समध्ये कानाचं नवं मशीन घेऊन. शेडच्या दारात टेम्पो उभा, महानंदा उभी, तिच्याबरोबर बायकाही आलेल्या. आणि मधोमध ढोल. पॉलिश करून लखलखीत, गोल गरगरीत. त्यात माझं तोंड दिसत होतं. दार कापायचं तेवढं राहिलं होतं. बायका ढोलाभोवती फिरून हात लावत होत्या. महानंदा हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

अन्वरभाई मात्र माझ्याकडे बघत नव्हते. ते साखळी आवरत होते.

मी ढोलावर तळहात ठेवला. शिलाईच्या दोन्ही बाजूंना, कडेजवळ, दोन जागा बाकीच्या पत्र्यापेक्षा जास्तच चकचकीत होत्या. रुपयाएवढ्या. तिथे काहीतरी जोडलेलं होतं आणि ते काढून, घासून, पुसून टाकलं होतं. पत्र्याला साखळी अडकवायची असेल तर दोन कान, म्हणजे भोकाचे लोखंडी तुकडे, जोडावे लागतात. कान काढले तरी जागा राहते.

"अन्वरभाई, किती उघडा होता?"

त्यांनी हाताचा पंजा दाखवला. मग म्हणाले, "भाभी, निशान तक दबाया. फिर भी खुल गया. पत्रा कडक है जी." आणि महानंदाकडे मान करून हळूच म्हणाले असावेत, कारण मला ते त्यांच्या ओठांवरून कळलं, "ओ बाई रोने कू आई थी. मैं क्या करतूं?"

झालं होतं ते सरळ होतं. मी पट्टी काढून ठेवली होती एका पत्र्याची, आणि त्यांनी शेजारचा उचलला होता, त्याचा जुळा. तो कडक निघाला. पंजाभर उघडा राहिला. समोर महानंदा डोळ्यांत पाणी आणून उभी, दिवाळी तोंडावर. या माणसाचं मन मऊ आहे. त्यांनी साखळी लावली, ओढला, शिवला. मी त्यांना काही बोलले नाही. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर मी शेड डोक्यावर घेतली असती.

महानंदाला सांगितलं, "हा ढोल मी देणार नाही."

"का वो? गोल तर हाय की!"

"ओढून गोल केलाय. दार कापलं की दाराचा तुकडा बाहेर उसळेल, परत बसणार नाही. त्यातूनही बसवला, तर जाळावर तापून ताण ढिला होईल आणि ढोल वाकडा होईल. मग तुझे दाणे पुन्हा जळतील."

"आन न्हाई झाला तर?"

"होईल."

"अक्का, सकाळी भट्टी लावायची हाय!" तिचा आवाज चढला असणार, मला नेहमीपेक्षा स्पष्ट ऐकू आलं. "एवडा चांगला ढोल. कडी लावा, दार ओढून बसवा. चालतंय आमास्नी."

 बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या, कुंभारीला भिंतीला टेकून बसल्या होत्या तेव्हा घातल्या होत्या तशाच. मला कळलं, की ही आता माझ्याशी भांडत नाही. तिच्या बायका उठून जातील म्हणून भांडते आहे. तिला बोलून पटणार नव्हतं. मलाही बिरूआबांची डोण बघितल्याशिवाय पटलं नसतं.

मी ग्राइंडर घेतला आणि अन्वरभाईंनी इतक्या प्रेमानं मारलेल्या शिलाईवरून चालवायला सुरुवात केली. महानंदानं दोन्ही हात तोंडावर नेले. शेवटची बोटभर शिलाई ठेवून ग्राइंडर बंद केला, सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं, छिन्नी लावली आणि हातोडा मारला.

आवाज मला पायांतून कळला. बायका जागच्या जागी उडाल्या, टेम्पोवाला दारातून आत डोकावला, आणि ढोल पंजाभर उघडून थरथरत राहिला. शेजारच्या शेडमधून माणूस पळत आला, काही फुटलं का विचारायला.

महानंदा त्या फटीकडे बघत होती. म्हणाली, "ह्ये माज्या दाण्यावर हुतं व्हय?"

"तुझ्या दाण्यांवर आणि तुझ्या हातांवर."

मग ती पदर खोचून खाली बसली. "करा," म्हणाली. "आमी हितंच हाव."

आता खरी पंचाईत पुढे होती, आणि ती बाहेरच्या माणसाला कळत नाही म्हणून सांगते. एकदा वळवलेला पत्रा आणखी कडक होतो. तो पुन्हा मशीनमध्ये घातला तर कोऱ्या पत्र्यापेक्षा जास्त उघडतो. म्हणजे या पत्र्याच्या कापून उरलेल्या तुकड्याची मी पट्टी काढली, तरी ती कोरी पट्टी मला अर्धंच खरं सांगणार. उरलेलं मी ठरवायचं. कमी दाबला तर पुन्हा फट. जास्त दाबला तर कडा एकमेकींवर चढणार, आणि मग उलटा वाकवायचा म्हणजे पत्र्याला जागोजाग चपटे डाग पडणार. मग तो कायमचा गेला. दुसरा पत्रा होता खरा, पट्टी काढलेला, मवाळ. तो घेतला असता तर सोपं होतं. पण त्याच दिवशी सकाळी तो टाक्या करणाऱ्या एका गिऱ्हाइकाला कापून दिला होता. अन्वरभाईंनी ते सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला आणि कामाला लागले.

कोरी पट्टी काढली. फर्म्याला लावली. तिनं सांगितलं त्यापेक्षा थोडं जास्त दाबायचं ठरवलं. हे "थोडं" काय असतं ते मला लिहून दाखवता येणार नाही, पण ते माझ्या मनगटात आहे आणि तिथे ते पक्कं आहे. पत्रा आत घातला. एकदम नाही दाबला. दाब, फिरव, थांब, तळहात ठेव. पुन्हा दाब. बायका बघत होत्या. कडा जवळ आल्या, एकमेकींना भिडल्या, आणि एक दुसरीच्या पोटाखाली शिरली. महानंदा उठून उभी राहिली.

"लई झालं की वो!" ती म्हणाली.

मला श्रीपूरचे ट्रॅक्टरवाले आठवले आणि हसू आलं. मी आणखी एकदा दाबला.

मग ढोल ज्याच्याभोवती वळला होता त्या वरच्या लाटण्याचं एक टोक मोकळं केलं आणि अन्वरभाईंनी आणि मी ढोल बाहेर सरकवून जमिनीवर ठेवला. खाली शिरलेली कड सरकत बाहेर आली, दुसरीच्या समोर आली, आणि थांबली. मध्ये फट राहिली ती काडेपेटीतली काडी जाईल एवढी. वेल्डिंगला तेवढी लागतेच. अन्वरभाईंनी खाली बसून त्या फटीतून पलीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघून, आमचे मालक असते तर त्यांना केला असता तसा, सलाम केला. मला भरून आलं. मी त्यांना ओरडून सांगितलं, की नाटकं करू नका, शिवा.

शिवेपर्यंत उन्हं कलली. टेम्पोवाला समोर सीटवर झोपला होता. बायकांनी बांधून आणलेली कडक भाकरी सोडली, आम्हालाही दिली. मग दार कापायची वेळ आली.

दार त्याच पत्र्यात कापायचं असतं. कापून निघालेला तुकडा हेच त्याचं झाकण. म्हणून पत्र्यात जरासा जरी ताण राहिला असेल तरी तो इथे बाहेर येतो. कारागीर कितीही छातीठोक असला तरी या कापाच्या आधी खूण दोनदा तपासतो. मीही तपासली. चारही बाजू कापत आणल्या, शेवटच्या कोपऱ्यात बोटभर ठेवलं. ग्राइंडर बंद केला. छिन्नी लावली. सगळ्या बायका आपणहून मागे सरल्या. महानंदा मात्र सरली नाही.

मी डावा तळहात ढोलावर ठेवला आणि हातोडा मारला.

हाताला छिन्नीचा ठोका कळला. त्याच्यापुढे काही कळलं नाही. पण माझा हातही आता म्हातारा होत चालला आहे, त्याच्यावर एकट्यावर कसा विश्वास ठेवायचा? कानाचं मशीन पर्समध्ये, पर्स खुंटीला. मी महानंदाकडे बघितलं आणि विचारलं, "आला का ग आवाज?"

मी हळूच विचारलं असं मला वाटत होतं. नंतर कळलं, की रस्त्यावरच्या चहावाल्यानंही वळून बघितलं.

महानंदानं मान हलवली. मग तिनं कापलेला तुकडा दोन्ही हातांनी उचलला, उलटसुलट करून बघितला, आणि परत त्याच्या जागी ठेवला. तो बसला. कुठूनही वर आला नाही. तिनं त्याच्या कडेवरून चारही बाजूंनी बोट फिरवलं, डाग पडलेल्या हाताचं, जसं भाकरी थापताना कडेवरून फिरवतात. आणि माझ्या तळहाताशेजारी आपला तळहात ठेवून, माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाजवळ तोंड आणून ती म्हणाली, "न्हाई आला, अक्का. गप हाय. लेकरू झोपल्यावानी गप हाय."

मागे तिच्या बायकांपैकी कुणीतरी विचारलेलं मला ऐकू आलं नाही. महानंदानं मात्र वळून त्यांना उत्तर दिलं, आणि ते तिनं माझ्यासारखंच ओरडून दिलं, म्हणून मला कळलं.

"व्हय! सकाळी समद्यांनी याचं!"